मोबाईल घरच्या बाईच्याही हाती द्या



खोकताना, मोळी उचलताना लघवी गळणे हा बाईचा भोग नव्हे. ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडले की असे होते. ते आवळून-सोडण्याचा व्यायाम अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली मांडला. स्वीडनमधील ‘टेट’ हे मोबाईल अ‍ॅप त्याची आठवण देते, हिशेब ठेवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १२३ स्त्रियांवरील चाचणीत ते वापरणाऱ्यांचा त्रास तीन महिन्यांत कमी झाला.

खताचा हप्ता चुकला की ऊस मागे पडतो; व्यायामाचेही तसेच, खाडा चालत नाही. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा. मग खिशातला मोबाईल रोज दहा मिनिटे तिला द्या. अ‍ॅप नसले तर गजर तरी लावा. लाजेपायी दुखणे अंगावर काढू देऊ नका.

– ऊस विकास अधिकारी