किर्लोस्करवाडी आणि 'टीम कल्चर'

नवउद्योगाने जागा बदलली की एक निवेदन निघते. माणसे वाढली, जुनी जागा अपुरी पडू लागली, म्हणून मोठ्या कार्यालयात जात आहोत; 'आपली संस्कृती' मात्र तीच राहील, कारण आपण 'एक कुटुंब' आहोत. सोबत छायाचित्रे असतात. काचेच्या भिंती, टेबल टेनिसचे टेबल, भिंतीवर रंगवलेली घोषवाक्ये. रत्नागिरीत शिकून पुण्याला, हिंजवडी-बाणेरकडे, नोकरीस गेलेली मुले अशी निवेदने कौतुकाने पुढे पाठवतात. त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्यांचा व्यवसायच शब्दांचा आहे, त्या साहित्याच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी 'संस्कृती' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द इतक्या स्वस्तात जाऊ द्यावेत, हे आम्हांला मान्य नाही.

वाढत्या उद्योगाचे स्थलांतर मराठी माणसाने पूर्वीही पाहिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिले नांगर विकले जाईपर्यंत दोन वर्षे गेली. बेळगावची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान देऊ केले. १९१० साली मूठभर कामगार आपापल्या कुटुंबांसह तिथे गेले. निवडुंग तोडायचा, साप मारायचे आणि मग यंत्रे बसवायची, असा तो 'ऑफिस शिफ्टिंग'चा कार्यक्रम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमले, ही हकीकत अनेकांना ठाऊक असेल.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र त्यानंतर दहा वर्षांनी घडली. १९२० साली कारखान्याची माहिती देणारे 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. आजच्या भाषेत हे कंपनीचे 'न्यूजलेटर'च. पण नांगराची जाहिरात करायला निघालेले हे पत्र पाहता पाहता बालविवाह, जातिभेद, अंधश्रद्धा आणि स्त्रियांचे स्वातंत्र्य यांवर बोलू लागले. त्याचे 'किर्लोस्कर' झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्याच्या जोडीला आले. १९२४ ते १९३७ या काळात आमच्याच रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे पोथीनिष्ठेवर आघात करणारे निबंध 'किर्लोस्कर'मध्ये येत. त्यांच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो (आमच्यातही त्याबाबत एकवाक्यता नाही), प्रश्न वेगळा आहे. नांगराचा गिऱ्हाईक कोण? श्रद्धाळू शेतकरी. त्याच्या श्रद्धेला धक्का देणारा मजकूर ज्या नावाने नांगर विकायचा त्याच नावाखाली छापायचा, याला धंद्याच्या हिशेबात वेडेपणाच म्हणतील. आम्ही याला संस्कृती म्हणतो. आपल्या फायद्याचे नसलेले बोलणे ती संस्था किती सहन करते, हे पाहिल्यावाचून तिला संस्कृती आहे की नुसती सजावट, हे कळत नाही.

म्हणून किर्लोस्करवाडीची आरती ओवाळावी, असेही नाही. तिथले कुटुंब म्हणजे कर्ता असलेले कुटुंब. घर मालकाचे आणि नोकरीही मालकाची. अशा ठिकाणी आपुलकी आणि ताबा यांतील सीमा पुसट होते, आणि चांगुलपणा कर्त्याच्या स्वभावावर अवलंबून राहतो. शिवाय वाडीबाहेरही एक जग होते. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत हा कारखानाही सापडला. त्या हिंसेचे समर्थन कोणी करू नये. पण 'आम्ही सारे एक' म्हणणाऱ्या वसाहतीचे कुंपणापलीकडच्या गावांशी नाते काय होते, हा प्रश्न त्या राखेतून उरतोच, आणि गौरवग्रंथांनी तो सोडवलेला नाही.

नव्या निवेदनांत कर्ता दिसत नाही, कारण सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. आम्हांला हा बदल फसवा वाटतो. जुन्या मालकाला निदान 'मालक' म्हणता येत असे. कुटुंबातून सुमारे २,५०० माणसे कमी करणार, अशी बातमी कोणत्याही घराबद्दल येत नाही. २०२२ साली ती बायजूजबद्दल आली. नोकरीचा संबंध कराराचा असतो, आणि करार ही काही लाजेची गोष्ट नव्हे. त्यात कामाचे तास, पगार, नोटिशीची मुदत लिहिलेली असते. 'कुटुंब' हा शब्द आला की याच गोष्टी विचारणे उद्धटपणाचे ठरू लागते. रात्री दहा वाजता आलेल्या निरोपाला उत्तर न देणारा मग कामचुकार नव्हे, कृतघ्न ठरतो.

दोष आम्हा साहित्यवाल्यांकडेही जातो. 'किर्लोस्कर'ला आपण नियतकालिकांच्या इतिहासातील एक टीप करून ठेवले; कारखान्याच्या पोटातून निघालेले गद्य म्हणून ते क्वचितच वाचले. ते तसे वाचणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच्याशेजारी आजच्या एखाद्या नवउद्योगाचे अंतर्गत पत्र ठेवावे. त्यात संस्थापकाला न रुचणारा, तिथल्याच कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावानिशी लिहिलेला एक तरी परिच्छेद शोधावा. नंतर त्याच कर्मचाऱ्याच्या नेमणूकपत्रात कंपनीविरुद्ध काहीही न बोलण्याचे कलम आहे का, तेही पाहावे.