लिलावाच्या नोटिशीत बहिणीचंही नाव असतं

पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत 'जाहीर नोटीस' छापलेली असते. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. आपण ती ओलांडून राशिभविष्याकडे वळतो. पण मैत्रिणींनो, अशा नोटिशीमागे कधी कधी एका घराची वीस वर्षांची भांडणं असतात. सामाईक जमिनीचं वाटप होत नाही म्हणून कोर्टानं ती विकायला काढलेली असते, आणि हिस्सेदारांच्या यादीत खाली कुठेतरी सासरचं आडनाव लावलेल्या दोन बहिणी असतात.

जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक घ्या. कुकडीकाठचं गाव. इथल्या मातीत ज्वालामुखीची हजारो वर्षांपूर्वीची राख सापडते, म्हणून संशोधक येतात. गावाला मात्र कौतुक पाण्याचं. पाणी आलं, ऊस-कांदा आला, पुणे-नाशिक रस्त्यावरचं आळेफाटा जवळ, त्यामुळे गुंठ्याला भाव आला. आणि भाव आला की वाटणीचा विषय निघतोच! जमीन कोरडवाहू होती तेव्हा कुणी बहिणीची सही मागायला धावत नव्हतं.

आता एक साधा हिशेब करू. वडिलोपार्जित एक एकर बागायत, म्हणजे 40 गुंठे. वडील गेले. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. आजच्या कायद्यानं पाचही जणांना सारखा पाचवा हिस्सा, प्रत्येकी 8 गुंठे. महाराष्ट्रानं मुलींना असा हक्क 1994 मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. तरी 'वडील 2005 आधीच वारले, मग तुला कसला हिस्सा?' हा वाद चालूच राहिला. तो 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हक्क जन्मानं मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. 'आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती' हे नुसतं सांगूनही आता भागत नाही, त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार दाखवावा लागतो.

पण 8 गुंठे हातात येतील का? इथे 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. 2023 मध्ये पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे ही किमान मर्यादा ठरली. त्याहून लहान तुकडा पडत असेल, तर त्या हिस्सेदाराला जमिनीऐवजी पैसे द्यायचे. कुणी जमीन घ्यायची नि कुणी पैसे, यावर एकमत झालं नाही तर चक्क चिठ्ठ्या टाकायच्या. वाचून हसू येईल, पण मला ही तरतूद आवडते. चिठ्ठीला मुलगा-मुलगी कळत नाही. गावात मात्र चिठ्ठीची वेळच येत नाही. 'तुला काय करायचीय जमीन, साडीचोळी घे' असं म्हणून बहिणीला आधीच पैशावर, तेही मनाला येईल त्या पैशावर, बसवलेलं असतं.

आता विक्रीचं. 1893 चा विभाजन कायदा इंग्रजांच्या काळातला, पण आजही लागू आहे. मालमत्ता नीट वाटताच येत नसेल आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्शाचे मालक मागत असतील, तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं. वरच्या हिशेबात आई आणि दोन बहिणी मिळून तीन पंचमांश होतात! म्हणजे बायकांनी एकत्र यायचं ठरवलं तर पारडं त्यांच्याकडे झुकतं. ही गोष्ट भावांना माहीत असते, आपल्याला नसते.

पण लगेच घाबरू नका, नि लगेच हुरळूनही जाऊ नका. विक्री मागितली म्हणजे जमीन परक्याकडे गेलीच असं नाही. ज्याला ती राखायची आहे, तो हिस्सेदार कोर्टाला सांगू शकतो, किंमत ठरवा, मी घेतो. तो भाऊ असेल, तशी बहीणही असू शकते. लिलाव झालाच तर कोर्ट राखीव किंमत ठरवतं, त्याखाली विक्री नाही. हिस्सेदाराची आणि बाहेरच्याची बोली सारखी आली तर ती हिस्सेदाराची धरतात. शिवाय थोडं वाटून उरलेलं विकण्याचीही सोय आहे. आईचं राहतं घर बाजूला ठेवा, एवढी मागणी तरी आपण करायलाच हवी.

माझं मत विचाराल तर कोर्टाची विक्री हा शेवटचा उपाय, पण 'समजुतीनं' फुकट सोडलेल्या हिश्शापेक्षा तो बरा. तिथे निदान किंमत कागदावर येते. खरा त्रास वेळेचा. शुभकरण बुबना खटल्यात प्राथमिक हुकूमनामा साठच्या दशकातला, अंतिम हुकूमनाम्याचा अर्ज 1987 चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2009 चा! कोर्टानं तेव्हा या दिरंगाईवर नाराजी दाखवली. 2022 मध्ये तर प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कनिष्ठ न्यायालयांनी वेगळ्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहून पुढचं काम चालवावं, असं बजावलं. शेतजमिनीची प्रत्यक्ष मोजणी नि वाटप तरीही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसूल खात्याकडून होतं. तिथला पाठपुरावा आपणच करायचा.

म्हणून आजच सातबारा काढून बघा. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नाही. बहिणींची नावं पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली सापडतात. फेरफाराची नोटीस सासरच्या पत्त्यावर आली तर ती वाचा, मुदतीत हरकत द्या. हक्कसोडपत्र म्हणजे राखी नव्हे. एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणं फार कठीण. भावानं वारशानं आलेला आपला हिस्सा विकायला काढला तर आधी मागण्याचा हक्क बहिणीलाही आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीतही वाटप मिटवता येतं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी गट नंबर आणि गुंठे स्वतः मोठ्यानं वाचून घ्या.