गुलमंडीचा सामरी

मागच्या वीकेंडला घरी गेलो होतो. शनिवारी बाबांसोबत गुलमंडीत चक्कर. सुपारी हनुमानाचं दर्शन घेऊन निघालो, तर समोर नेहमीचा फ्लेक्स. कुणाचा तरी वाढदिवस आणि शुभेच्छुक म्हणून चाळीसेक हसरे चेहरे. बाबा एकदम थांबले. म्हणाले, "इथंच सामरी होता."

सामरी म्हणजे रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधला राक्षस. साल १९८४. बाबा तेव्हा आठवीत. टॉकीजच्या पेंटरने हाताने रंगवलेला तो चेहरा इथे लागला होता आणि बाबा शाळा सुटल्यावर चौक टाळून गल्ल्यांमधून घरी जायचे! सिनेमा त्यांनी पाहिला तो कितीतरी वर्षांनी, टीव्हीवर. आणि त्यांना हसू आलं.

मला विचाराल तर यात सिनेमा हरला असं नाही, पेंटर जिंकला. त्याच्याकडे फार तर एक-दोन फोटो असणार. बाकीची भीती त्याने स्वतःच्या खिशातून घातली. आता पोस्टर म्हणजे हिरोचा फोटो, मागे निळा धूर, संपलं. खोटं बोलायचंही कष्ट कुणी घेत नाही.

आता लपलेल्या संदर्भांबद्दल. हल्ली हॉरर सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर 'तुम्ही न पाहिलेल्या पंधरा गोष्टी' हजर. 'मुंज्या'च्या (२०२४) शेवटी 'भेडिया' येऊन जातो, थिएटरात शिट्ट्या पडतात. मीही मारली, खोटं कशाला बोलू? पण हा संदर्भ नव्हे हो, ही पुढच्या सिनेमाची जाहिरात आहे. रामसेंचं बरं होतं. त्याच 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप मच्छरसिंग बनून 'शोले'ची सरळ टर उडवतो. लपवाछपवी नाही.

खरा लपलेला संदर्भ मला एकदाच भेटला. 'तुंबाड' मी २०१८ मध्ये कॉलेजच्या मित्रांसोबत पाहिला होता आणि सगळं समजलं अशा थाटात बाहेर पडलो होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा बाबांना घेऊन गेलो. घरात पोरगा आणि ती साखळदंडातली म्हातारी, हा प्रसंग सुरू झाला. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे, ही धारपांची आजी!" नारायण धारप त्यांनी लायब्ररीतून आणून आणून वाचलेत. मी एकही नाही. इंटरव्हलला पॉपकॉर्न बाजूला राहिले. 'तुंबाड' हे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधलं, हेही बाबांकडूनच कळलं. मी फुशारकीने एवढंच सांगू शकलो की 'हस्तर'सारखा 'हास्टर' इंग्रजी भयकथांमध्ये एकोणिसाव्या शतकापासून फिरतोय. अँब्रोज बिअर्सकडे तो मेंढपाळांचा देव होता, बिचारा!

मग मी धारप वाचायला घेतले, आणि पाठोपाठ स्टीफन किंगची 'ग्रॅमा'. पोरगा घरात एकटा, सोबत आजारी आजी... ओळखीचं वाटलं ना? धारपांची आजी तिथून आलेली. मी रोज दुसऱ्याचा कोड वापरून पगार घेतो, त्यामुळे उसनवारीचं मला वावडं नाही. पण वर एक कमेंट टाकायची, कुणाचं आहे ते लिहायचं, एवढी शिस्त आमच्याकडे असते. कथेलाही ती असावी असं माझं मत आहे. बाबांना सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असेल. पण मला रात्री पाणी प्यायला उठू दिलं नाही ते धारपांनी." यावर मला काही बोलता आलं नाही. अजून येत नाही.

असो. रविवारी निघायच्या आधी नेटवरून 'पुराना मंदिर'चं पोस्टर शोधून बाबांना मोबाइलवर दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे नाही. आपल्यावाल्याचे डोळे हिरवे होते."