मित्र ताऱ्याचा ताळेबंद

जूनच्या आरंभी, मोसमी ढग दाटण्यापूर्वी, रात्री नऊ-दहाच्या सुमारास पालघर परिसरातील मोकळ्या माळावरून दक्षिणेकडे पाहिले असता क्षितिजापासून जेमतेम नऊ अंशांवर दोन तेजस्वी तारे दिसतात. त्यांपैकी डावीकडचा तो नरतुरंग तारकासमूहातील मित्र. सूर्याचा हा निकटतम शेजारी ४.३७ प्रकाशवर्षे दूर आहे. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा हा तारा जोडतारा असल्याचे १६८९ साली पाँडिचेरीहून वेध घेणाऱ्या रिशो या जेझुइट धर्मोपदेशकास आढळले. तिसरा घटक, मंद प्रॉक्सिमा, १९१५ साली सापडला. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही तर मानवाने येथे बिऱ्हाड हलवावे, असे स्वप्न अधूनमधून रंगविले जाते. त्याचा हिशेब तपासण्यासारखा आहे.

ताऱ्याचे वस्तुमान हे त्याचे भांडवल आणि प्रकाश हा खर्च. जोडीतील मोठ्या ताऱ्याचे भांडवल सूर्याच्या १.१ पट, खर्च मात्र दीडपट. म्हणून तो सूर्याआधीच वृद्ध होईल. प्रॉक्सिमाचे भांडवल सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढे. पण खर्च सहाशेव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने तो काही लाख कोटी वर्षे तेवत राहील. तथापि दीर्घायुष्य म्हणजे वास्तव्ययोग्यता नव्हे. २०१६ साली प्रॉक्सिमाभोवती पृथ्वीसारख्या वस्तुमानाचा ग्रह आढळला. परंतु ताऱ्याच्या वारंवारच्या ज्वालांपुढे त्याचे वातावरण टिकले असेल काय, याविषयी शास्त्रज्ञ साशंक आहेत. मोठ्या ताऱ्याभोवती २०२५ साली वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एका वायुग्रहाची शक्यता पुढे आली. तो खरा ठरल्यास राहण्याजोग्या पट्ट्यात दुसऱ्या पृथ्वीला जागा उरणे कठीण.

शिवाय प्रवास! १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर-१ च्या वेगाने ४.२४ प्रकाशवर्षांवरील प्रॉक्सिमा गाठण्यास सुमारे ७५,००० वर्षे लागतील. हा आकडा तारापूरला परका नाही. तेथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षांचे. म्हणजे यान तेथे पोहोचेल तेव्हाही आजच्या प्लुटोनियमचा सुमारे आठवा हिस्सा शिल्लक असेल.

वीज आणि रोजगार हे लाभ खरेच आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जमाखर्चाच्या रीतीचा. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना दरसाल दहा टक्के वटावाचा दर धरला, तर पन्नास वर्षांनंतरचे शंभर रुपयांचे नुकसान आज अवघे ८५ पैशांचे भरते. शंभर वर्षांनंतरचे तर नगण्यच. नातवंडांचे नुकसान असे कागदावरून पुसले जाते. खाडीच्या पाण्यातून मात्र पुसले जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली, ती याच हिशेबाची फलश्रुती म्हणावी लागेल.

तेव्हा उपाय आकाशात नाही. पाणी, माती आणि किरणोत्सारी अवशेष यांच्या दीर्घकालीन निगराणीचा खर्च आजच्याच उत्पन्नातून वेगळा काढून त्याचा कायम निधी उभारावा, आणि त्याचा वार्षिक ताळेबंद मराठीतून गावोगावच्या ग्रामसभांपुढे ठेवावा. शेजारचा तारा आश्रय देणार नाही. फार तर तो कालगणनेचे माप पुरवील. त्या मापाने पाहता बोईसर-तारापूरची भूमी हे भांडवल आहे, आणि ते चालू उत्पन्न समजून खर्ची टाकण्याचा अधिकार कोणत्याही एका पिढीला नाही.