दांडीची की बिनदांडीची?

शाळेत असताना भावाची सायकल पळवणाऱ्या कितीतरी जणी आपल्या गटांत आहेत. लग्न झाले आणि सायकल सुटली. सासरी भांडी येतात, कपाट येते, जावयासाठी मोटरसायकल मागितली जाते. लेकीच्या हातात वाहन कोणी देत नाही. धानोऱ्याच्या बाजूला आदिवासी समाजात हुंडा नाही, उलट मुलाकडून देज दिले जाते. पण तिथेही सायकल बाईबरोबर येत नाही.

पंधरा-वीस वर्षांनी तीच बाई अंगणवाडी सांभाळते, आशा म्हणून पाड्यापाड्यावर फिरते, गटाचे पैसे बँकेत भरते. एसटीची वाट बघण्यात नाहीतर नवऱ्याची गाडी मोकळी होण्यात तिचा अर्धा दिवस जातो. मग ती म्हणते, सायकल घेऊ या. आणि दुकानात कोण जाते? नवरा आणि मुलगा! मुलाला जाड टायरची, गिअरची हवी असते. दुकानदार 'लेडीज' म्हणून गुलाबी, पुढे टोपली लावलेली दाखवतो. जिला चालवायची तिला कोणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, निवड आपण आपल्या कामावरून करायची. साडी नेसून सारखे चढा-उतरायचे असेल तर बिनदांडीची सोयीची, यात वाद नाही. पण दांडीची पुरुषांची, हे मात्र खरे नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेने बायकांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. १९९२ च्या महिला दिनी दीड हजारांवर बायका सायकलीवरून रस्त्यावर उतरल्या. टवाळी झालीच, ती कुठे होत नाही? लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या तेव्हा बायकांनी दांडीच्या घेतल्या, आणि काहींना त्याच आवडल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येते. मागे पाण्याचा हंडा किंवा धान्याचे पोते न्यायचे असेल तर तुम्हीही दांडीच्या सायकलीचा विचार करा. लोक काय म्हणतील हा प्रश्न सायकलीच्या किमतीत धरू नका.

साडी चाकात जाईल म्हणून घरचे अडवतात. त्यावर उपाय साधा आहे : पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी. ती नसेल तर दुकानातच बसवून मागा. पंजाबी ड्रेस घालायला ज्या घरात विरोध आहे तिथला झगडा वेगळा, तोही करावा लागेल.

बरीच वर्षे सायकल हातात नसली की तोल जायची भीती वाटते. म्हणून पहिले काही दिवस सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. हात बसला की वर घ्या. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढी उंची बरोबर. सीट खालीच राहिली तर गुडघे दुखतात, आणि मग लोक म्हणतात, बघा, वय झाले.

गिअरच्या सायकलीचा मोह माझ्या मते टाळावा. आपल्याकडे पंक्चरवाला सापडतो, गिअर लावणारा सापडेलच असे नाही. बिनगिअरची लोखंडी सायकल जड असते, वीस किलोच्या आसपास. पण गावातला कोणीही ती दुरुस्त करतो. धडगाव-अक्कलकुव्याकडचा चढ आला तर उतरून ढकलावी, त्यात कसली लाज? विकत घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि दुकानासमोर एक चक्कर मारा. बघे जमतील, जमू देत.

घरात मुलीची सायकल आहेच, तीच वापर, असा सल्ला मिळतो. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळत आले आहे. २०२२ साली ते ३,५०० वरून ५,००० रुपये झाले. ती सायकल मुलीच्या उंचीची आणि तिच्या शाळेची. सकाळी दोघींनाही निघायचे असते, आणि मग शाळा कोणाची बुडते ते आपल्याला माहीत आहे. शिवाय शाळा सुटली, लग्न झाले, की सरकारच्या लेखीही तिची गरज संपते! २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. ती घरात कोण चालवते, याचा रकाना त्या यादीत नव्हता.

म्हणून पावती स्वतःच्या नावाची घ्या. पैशाचे म्हणाल तर पुदुकोट्टईत चुंकत यांनी बायकांना सायकलीसाठी बँकांकडून कर्जे मिळवून दिली होती. आपल्या बचत गटांकडे तर स्वतःचा पैसा आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत कोणी सायकलसाठी कर्ज मागितले, तर 'त्यापेक्षा शेळी घे' म्हणून तिला परत पाठवू नका.