बुजवलेलं धुराडं

मागच्या महिन्यात इंदूरहून बाबांचा फोन आला. "जुन्या स्वयंपाकघरातलं धुराडं बुजवून टाकतोय. वर सिमेंट, खाली प्लायवूड, झालं काम."

मी जवळजवळ ओरडलोच, "बाबा, थांबा! हीच चूक मी इथे निस्तरलीय."

इथे म्हणजे मँचेस्टरला. आमचं घर शंभर वर्षांहून जुनं, रांगेतलं, विटांचं. अशा घरांत बहुतेक खोल्यांत भिंतीत कोळशाची शेगडी असे आणि तिचा धूर भिंतीतल्याच नळीतून छपरावर जाई. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर धुराचं दाट धुकं बसलं, हजारो माणसं दगावली आणि 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे घरोघरी गॅस आणि रेडिएटर आले, शेगड्या निघाल्या. धुराडी मात्र भिंतीत तशीच राहिली.

आमच्या घरात आधीच कुणीतरी शेगडी काढून धुराडं खालून-वरून पक्कं बंद केलं होतं. त्याच भिंतीशी आम्ही मुलीचा पाळणा ठेवला. पहिल्याच हिवाळ्यात भिंतीवर चहा सांडल्यासारखा डाग उमटला. मी रंग दिला, डाग परत आला. पुन्हा रंग, पुन्हा डाग. खोलीत कुबट वास येऊ लागला आणि मुलीचा खोकला हटेना. बग न शोधता एरर मेसेज लपवायचा, तसा माझा उद्योग चालला होता.

शेवटी धुराडी साफ करणाऱ्याला बोलावलं. त्यानं कारण सांगितलं. विटा पावसाचं पाणी पितात. नळीत हवा खेळती असेल तर त्या वाळतात. दोन्ही तोंडं बंद केली की ओलावा आतच अडकतो आणि थंड भिंतीवर पाणी होऊन बसतो. त्यात वर्षानुवर्षांच्या काजळीतले क्षार हवेतली ओल ओढतात. तोच हा तपकिरी डाग.

मग क्रमानं कामं केली. आधी नळी साफ केली; आतून पक्ष्यांच्या घरट्यांच्या काड्यांचं पोतंभर निघालं. वरच्या तोंडावर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी बसवली. खाली, बंद केलेल्या जागी, साधारण 9 इंच बाय 3 इंचांची जाळी लावली. खराब प्लास्टर खरवडून चुन्याचं केलं. टोपी बसवण्याआधी शेजाऱ्यांची शेगडी कुठल्या नळीला आहे तेही तपासलं. चुकून चालू नळी झाकली गेली तर घरात कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वासही नसतो.

डाग गेला. मुलीचा खोकला त्यामुळेच थांबला असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण पाळणा आता निर्धास्तपणे तिथेच आहे.

बाबांना एवढंच सांगितलं, "चूल गेली तरी धुराड्याला श्वास हवाच. इंदूरचा पावसाळाही काही लहान नाही."

थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "आणि जाळीतून चिमण्या आत शिरल्या तर?"

"बारीक जाळी लावा, बाबा. आणि वर पत्र्याची टोपी."

काल त्यांनी फोटो पाठवला. जाळी बसलीय. फक्त तिच्यासमोर त्यांनी कपाट ठेवलंय. आज पुन्हा फोन करायचाय.