निकाल आधी, तपास नंतर!

१२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर एका मिनिटाच्या आत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९, असे २६० जीव गेले. ढिगाऱ्यातून धूर निघत असतानाच वृत्तवाहिन्यांवर निकाल लागू लागले. कुणी पक्ष्यांना दोषी ठरविले, कुणी घातपाताकडे बोट दाखविले, तर कुणी वैमानिकाकडे. ब्लॅक बॉक्स अजून उघडायचा होता; पण पडद्यावरच्या न्यायाधीशांना पुराव्याची वाट पाहण्याची सवड नव्हती.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत देशातले कोणतेही विमान अर्ध्या वाटेवरून परतले, की ‘प्रवासी थोडक्यात बचावले’ ही पट्टी पडद्यावर सरकू लागली. वस्तुतः दोन इंजिनांचे प्रवासी विमान एक इंजिन बंद पडले तरी सुखरूप उतरू शकेल, अशाच कसोटीवर त्याला उड्डाणाची अनुमती मिळालेली असते. इशाऱ्याचा दिवा लागल्यावर परत फिरणारा वैमानिक आपले कर्तव्य बजावत असतो. सुरक्षेची व्यवस्था नीट चालल्याची ती खूण होय. या सावधगिरीचीच जर रोज बदनामी होऊ लागली, तर उद्या एखादा वैमानिक परत फिरण्यापूर्वी दोनदा विचार करील. त्या विलंबाची किंमत मात्र मथळे लिहिणाऱ्यांना नव्हे, प्रवाशांना मोजावी लागेल.

याचा अर्थ बिघाडांकडे काणाडोळा करावा, असा मुळीच नाही. प्रश्न आहे तो नेमके कोठे पाहायचे याचा. २०२२ च्या जून-जुलैमध्ये स्पाइसजेटच्या विमानांत अठरा दिवसांत आठ घटना घडल्या. प्रत्येक घटनेचा गाजावाजा झाला. परंतु नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बजावलेल्या नोटिशीतली खरी मेख निराळीच होती. पुरवठादारांची देणी वेळेवर भागत नव्हती, त्यामुळे सुट्या भागांचा तुटवडा होता. कोणते उपकरण नादुरुस्त असताना मर्यादित काळ विमान उडविता येते, याची एक संमत यादी असते. त्या सवलतीचा आधार कंपनीला वारंवार घ्यावा लागत होता. पुढे तिची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणण्यात आली. भेगाळलेल्या काचेचे चित्र घरोघरी पोहोचले. थकलेल्या बिलांची कथा किती घरांत पोहोचली?

अहमदाबादच्या दुर्घटनेत तर या उतावळेपणाने माणुसकीचीही मर्यादा ओलांडली. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालाने एवढेच सांगितले, की उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’ स्थितीत गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला त्याचे कारण विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे अहवालाने सांगितले नव्हते. याच अहवालात आणखी एक नोंद होती. या स्विचच्या लॉकची तपासणी करावी, अशी सूचना अमेरिकी नियामकाने २०१८ मध्येच काढली होती. परंतु ती बंधनकारक नसल्याने तपासणी झालेली नव्हती. नंतरच्या तपासणीत एअर इंडियाच्या इतर विमानांच्या लॉकमध्ये दोष आढळला नाही, हे खरे. तरीही सुरक्षेची सूचना ऐच्छिक का असावी, हा प्रश्न उरतोच. तो सोडून काही पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी अनामिक सूत्रांच्या हवाल्याने कॅप्टनकडे संशयाची सुई वळविली आणि आपल्याकडील वाहिन्यांनी तीच री ओढली. अशी वृत्ते घाईची आणि अटकळींवर बेतलेली असल्याचे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाच्या अध्यक्षांनाच सांगावे लागले. नव्वदी ओलांडलेल्या पित्याला मृत मुलाच्या नावासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. प्राथमिक अहवालाने वैमानिकावर ठपका ठेवलेला नाही, असे न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले.

मृत वैमानिकावर दोष ढकलणे सर्वांत सोपे असते. तो प्रत्युत्तर देत नाही, त्याच्यापाशी वकिलांचा ताफा नसतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात कोसळले, तेव्हाही बोटे वळली ती तिथल्या वैमानिकांकडे आणि देखभालीकडे. पाच महिन्यांनी त्याच जातीचे विमान इथिओपियात कोसळले. एकूण ३४६ जीव गेले. एकाच संवेदकाच्या चुकीच्या संकेतावरून विमानाचे नाक खाली दाबणारी एक प्रणाली त्यात होती आणि वैमानिकांच्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेखच नव्हता. हे सत्य खणून काढण्यात ‘सिएटल टाइम्स’चा वाटा मोठा होता. ज्या नगरीत बोइंगची विमाने घडतात, तिथलेच हे वृत्तपत्र. कागदपत्रे तपासून, अभियंत्यांना बोलते करून त्याने केलेल्या या कामाला २०२० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. पत्रकारिता ती ही!

मात्र ‘आपला वैमानिक म्हणून निर्दोष’ हा हट्टही तितकाच अयोग्य. १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याच्या समुद्रात कोसळलेल्या ‘एम्परर अशोक’ विमानाबाबत प्रथम घातपाताचा संशय होता. तपासात आढळले, की कलदर्शक उपकरण बिघडले होते आणि अंधारात कॅप्टनचा अंदाजही चुकला होता. यंत्राची आणि माणसाची चूक अनेकदा हातात हात घालून येते. ती उलगडायला वेळ लागतो आणि तो वेळ दिलाच पाहिजे.

२०२५ मध्ये संसदीय समितीने महासंचालनालयातील जवळजवळ निम्मी पदे रिक्त असल्याकडे लक्ष वेधले. विमानांवर देखरेख ठेवणाऱ्यांच्याच खुर्च्या रिकाम्या असणे, ही कोणत्याही ‘ब्रेकिंग न्यूज’हून मोठी बातमी होती. तिच्यावर किती रात्री चर्चा रंगल्या? माध्यमांनी बिघाड जरूर दाखवावा. पण तो का झाला, पुन्हा का झाला आणि कुणी होऊ दिला, इथवर जावे. आणि सुजाण प्रेक्षकानेही निकालाचा ढोल वाजताच पडदा बंद करण्याचे धैर्य दाखवावे. गेलेल्या २६० जिवांचे ऋण आरडाओरड्याने फिटणार नाही. ते सत्यानेच फिटेल.